गोवर आणि शरीराची स्मरणशक्ती

गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही, ही गोष्ट घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना वैद्यकाचे एकही पुस्तक न वाचता ठाऊक होती. घरात मुलाच्या अंगावर पुरळ दिसू लागले म्हणजे शुश्रूषेस बसणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जाई तो हाच, की "तुला लहानपणी येऊन गेला आहे ना?" ज्याच्या चेहऱ्यावर देवीचे वण असत, त्याला त्या भयंकर रोगाचे भय उरत नसे. हे निरीक्षण फार पुरातन आहे. इ. स. पूर्वी ४३० साली अथेन्स नगरात मोठी साथ आली, तेव्हा थ्युसिडिडीस या इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे की, जे त्या रोगातून उठले तेच पुढे रोग्यांची सेवा निर्भयपणे करू लागले. कारण तो रोग त्याच माणसाला दुसऱ्यांदा प्राणघातक होत नसे.

परंतु असे का व्हावे? येऊन गेलेल्या रोगाची ओळख शरीरात राहते ती कोठे आणि कशी? आणि ही ओळख कधी पुसली गेली तर काय घडते? या तिन्ही प्रश्नांचा उलगडा करण्यास गोवरासारखा दुसरा रोग नाही.

पहिल्या प्रश्नाची कसोटी निसर्गानेच एकदा पाहिली. उत्तर अटलांटिक महासागरात डेन्मार्कच्या सत्तेखाली फेरो नावाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. तेथे १७८१ साली गोवराची साथ आली आणि ओसरली. त्यानंतर पासष्ट वर्षे त्या बेटांना गोवर माहीतच नव्हता. १८४६ च्या वसंतात कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर रोग पुन्हा तेथे उतरला, आणि काही महिन्यांत सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० हून अधिक माणसे आजारी पडली. डॅनिश सरकारने पाठविलेल्या वैद्यांत पीटर पानुम नावाचा पंचविशीतील तरुण होता. गावोगाव फिरून त्याने जी माहिती जमविली, तीत एक विलक्षण गोष्ट आढळली. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर आला होता असे जे वृद्ध अद्याप हयात होते, त्यांच्यापैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. उलट ज्या वृद्धांना पूर्वी तो झालेला नव्हता, ते मात्र तरुणांप्रमाणेच आजारी पडले. म्हणजे रक्षण वयाने मिळालेले नव्हते, पूर्वपरिचयाने मिळालेले होते. आणि मधल्या पासष्ट वर्षांत रोगजंतूची एकदाही भेट झालेली नसताना शरीर त्याला विसरले नव्हते.

ही आठवण ठेवणारी व्यवस्था समजण्यासाठी शरीराच्या संरक्षणाची रचना पाहिली पाहिजे. तिचे स्थूलमानाने दोन भाग आहेत. पहिला भाग जन्मतःच मिळालेला असतो. कातडी, नाकातोंडातील ओलसर अस्तर, जठरातील आम्ल हे बाहेरचे तट होत. तट ओलांडून जंतू आत शिरला तर रक्तातील भक्षक पेशी त्याच्यावर तुटून पडतात. या पेशींचे कार्य रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह याने १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे प्रथम ओळखले. तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात त्याने एक बारीक काटा खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! आपल्या बोटात कुसळ रुतले असता भोवतीचा भाग लाल होतो, ठणकतो, त्यात पू धरतो. तो पू म्हणजे बव्हंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचाच साठा असतो. तापदेखील शरीर स्वतःच चढविते. हे पथक तत्पर खरे; पण एका जंतूशी झालेल्या झटापटीतून तो जंतू नेमका कोणता हे ध्यानात ठेवण्याचे काम त्याचे नव्हे.

ते काम दुसऱ्या भागाचे. पायाला जखम झाली असता जांघेत गाठ येते, तिला आपल्याकडे 'अवधाण येणे' म्हणतात. ती गाठ रोग नव्हे. ते या दुसऱ्या भागाचे ठाणे होय. अंगात ठिकठिकाणी अशा लसिका ग्रंथी असतात. जखमेतून काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन तेथे येतात आणि ग्रंथीत जमलेल्या पेशींपुढे ते ओळखपरेडीसाठी मांडतात. या पेशी दोन जातींच्या: बी पेशी आणि टी पेशी. बी पेशींपासून प्रतिपिंडे नावाची प्रथिने तयार होऊन रक्तात मिसळतात, आणि ती जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. टी पेशींपैकी काही, जंतूने ताबा घेतलेल्या आपल्याच पेशी शोधून त्यांचा नाश करतात, तर काही इतरांना साहाय्य करतात. रक्तद्रवात असे संरक्षक द्रव्य असते, हे बेरिंग आणि किटासाटो यांनी धनुर्वाताच्या प्रयोगांनी १८९० साली दाखविले. रक्षण पेशी करतात की रक्तद्रव करतो, हा वाद त्या काळी मोठा होता. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक पेशींचा पक्ष मांडणारा मेचनिकॉव्ह आणि रक्तद्रवाचा पक्ष मांडणारा अर्लिख या दोघांना विभागून मिळाले. दोघांचेही म्हणणे खरे होते.

तरीही एक कोडे उरले होते. जगात जंतू असंख्य. मग प्रत्येकाला नेमके लागू पडणारे प्रतिपिंड शरीर बनविते तरी कसे? ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट याने १९५७ साली याचे उत्तर मांडले. कुलूप समोर आल्यावर किल्ली घडविली जात नाही. लाखो निरनिराळ्या किल्ल्यांचा जुडगा शरीरात अगोदरच तयार असतो. जंतू येतो तेव्हा ज्या थोड्या पेशींची किल्ली त्याला लागते, त्याच पेशी वेगाने वाढू लागतात. या वाढीस आठवडा ते दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्या अवधीत रोग आपले बरेवाईट करून घेतो. लढाई संपल्यावर त्या सैन्यातील बहुतेक पेशी मरून जातात. पण काही मागे राहतात. याच स्मृतिपेशी होत. पुढे तोच जंतू पुन्हा आला की त्या इतक्या लवकर कामाला लागतात की, बहुधा माणसाला आपल्यावर चाल झाली होती याचा पत्ताही लागत नाही. फेरो बेटांवरील वृद्धांना वाचविले ते या स्मृतीने.

अशा सामर्थ्याला लगाम नसेल तर ते घरच जाळील. म्हणून टी पेशींची परीक्षा घेण्याची सोय छातीच्या हाडामागील थायमस नावाच्या ग्रंथीत केलेली आहे. तिचे महत्त्व जॅक मिलर याने १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. स्वतःच्याच शरीरावर उलटू पाहणाऱ्या पेशी तेथे मोठ्या प्रमाणात बाद होतात. ज्या निसटतात त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी असतात, आणि त्यांच्या शोधाबद्दल २०२५ सालचे नोबेल पारितोषिक शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांना देण्यात आले. हा आवर सुटला म्हणजे रक्षकच भक्षक होतो. मुलांत प्रायः दिसणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर स्वादुपिंडातील इन्शुलिन बनविणाऱ्या आपल्याच पेशी मारून टाकते. आमवातासारख्या एका सांधेदुखीत ते सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. ॲलर्जीत ते फुलांच्या परागासारख्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजते. उलटपक्षी, एड्सचा विषाणू साहाय्यक टी पेशीच नष्ट करतो, तेव्हा क्षयासारखे रोग मोकाट सुटतात. यावरून ध्यानात येईल की, 'प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या' बाटल्यांच्या जाहिराती किती फसव्या आहेत. ही व्यवस्था म्हणजे दिव्याची वात नव्हे, की वर केली म्हणजे उजेड वाढावा. तिला हवा असतो तो समतोल. पोटभर सकस अन्न, पुरेशी झोप, तान्ह्या बाळाला आईचे दूध यांचे मोल त्या बाटल्यांहून पुष्कळ अधिक आहे.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळावयाचे. गोवर हा पुरळ आणि ताप यांचा किरकोळ बालरोग आहे, अशी समजूत अद्याप अनेक घरांत आढळते. वस्तुतः अंगावर उठणारे पुरळ हे विषाणूने केलेली जखम नसून, कातडीतील बाधित पेशींवर टी पेशींनी चालविलेल्या हल्ल्याचे चिन्ह आहे. पुरळ उठले म्हणजे शरीर लढत आहे. परंतु त्याच वेळी आत एक निराळी हानी चाललेली असते. गोवराचा विषाणू ज्या पेशींत शिरण्यास विशेष टपलेला असतो, त्यांत या स्मृतिपेशींचाच भरणा असतो. शरीर गोवर जिंकते, त्याची स्मृतीही जन्मभर राखते. पण पूर्वी झालेल्या सर्दी-खोकल्यांच्या, हगवणीच्या, न्यूमोनियाच्या जंतूंची जी ओळख होती, ती बरीचशी गमावून बसते. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या सत्त्याहत्तर मुलांचे रक्त गोवरापूर्वी व गोवरानंतर तपासण्यात आले. त्याचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला: या मुलांनी आपल्या प्रतिपिंडांच्या संग्रहातील ११ ते ७३ टक्के भाग गमावला होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गोवरानंतर सुमारे दोन ते तीन वर्षेपर्यंत इतर रोगांनी मुले दगावण्याचा धोका वाढलेला राहतो, असे दिसून आले. गोवरातून उठलेले मूल पुढल्या पावसाळ्यात न्यूमोनियाने गेले, तर त्याचा दोष गोवराकडे कोणी लावीत नसे. दुर्बळ झालेल्या मुलाला 'दृष्ट लागली' म्हणत. वास्तविक त्याच्या शरीराची वहीच कोरी झालेली असे.

म्हणूनच लसीचे महत्त्व. लस म्हणजे शत्रूला न बोलाविता त्याची ओळख करून देण्याची युक्ती. अमेरिकेत जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी १९५४ साली बॉस्टनजवळच्या एका शाळकरी मुलापासून गोवराचा विषाणू मिळविला, आणि तो प्रयोगशाळेत पुनःपुन्हा वाढवून क्षीण केल्यावर १९६३ साली तेथे लस वापरात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी गोवराची लस त्याच विषाणूच्या वंशातील आहे. क्षीण विषाणू स्मृतिपेशी तयार करवितो, पण जुन्या स्मृती पुसून टाकीत नाही. वर सांगितलेल्या अभ्यासात लस घेतलेल्या मुलांत तशी हानी आढळली नाही.

भारतात या लसीची पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांच्या बाळाला आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या मुलाला देतात. जन्मतःच का नाही, असे कोणी विचारील. आईच्या रक्तातून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या अंगात काही महिने टिकतात. ती बाळाला जपतात, पण त्याचबरोबर लसीतील क्षीण विषाणूलाही निकामी करतात. ती ओसरू लागली म्हणजे लस लागू पडते. आणि दुसरी मात्रा कशासाठी? पहिल्या मात्रेने सर्वच मुलांत स्मृती तयार होत नाही. जी राहतात त्यांच्यासाठी दुसरी संधी असते.

यापुढील विचार एका घराचा नसून गावाचा आहे. गोवराचा एक रोगी, कोणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत, बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तेथील हवेत राहू शकतो, आणि पुरळ दिसण्यापूर्वी चार दिवसांपासूनच तो पसरू लागतो. म्हणजे रोगी ओळखून त्याला वेगळे ठेवीपर्यंत उशीर झालेला असतो. ही साखळी तोडावयाची तर शंभरांतील पंचाण्णव माणसे संरक्षित असावी लागतात. अगदी तान्हे बाळ, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे मूल, यांना ही लस देता येत नाही. त्यांचे रक्षण शेजारच्या मुलांच्या दंडावरच अवलंबून असते. कोविडच्या काळात मुलांचे लसीकरण मागे पडले, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीसारख्या दाट वस्तीच्या भागांत, गोवराची साथ उसळून बालके दगावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे १,०७,५०० माणसे या रोगाने मरण पावली, आणि त्यांत बहुसंख्य पाच वर्षांखालील मुले होती.

घरात गोवर आलाच तर उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवण्यास कोणाची हरकत नाही; मात्र तेवढ्यावर थांबू नये. मुलाला डॉक्टरांकडे न्यावे, पाणी व अन्न तोडू नये, इतर मुलांना दूर ठेवावे. 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा दोन लागोपाठच्या दिवशी वयाप्रमाणे देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केलेली आहे. तिने डोळे जाण्याचा व प्राण जाण्याचा धोका कमी होतो. ती डॉक्टरांच्या हातूनच द्यावी. आणि मूल बरे झाल्यानंतरचे महिने हे अधिक जपण्याचे आहेत, हे विसरू नये.

देवीचा रोग पृथ्वीवरून गेला, हे १९८० साली जाहीर झाले. तो गेला तो कोणा एका महापुरुषाच्या पराक्रमाने नव्हे, तर कोट्यवधी आईबापांनी आपल्या मुलांचे दंड पुढे केले म्हणून. गोवराला माणसाखेरीज दुसरे कायमचे घर नाही. त्याला घालविणे अशक्य नाही. त्याची सुरुवात कपाटात ठेवलेले मुलाचे लसीकरणाचे कार्ड काढून त्यावर दोन तारखांची नोंद आहे की नाही, हे पाहण्यापासून होते. नसेल, तर जवळचे आरोग्यकेंद्र अजूनही ती नोंद करून देईल.