विहिरीचं पाणी विहिरीत तयार होत नाही

पहिला जोरदार पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते. अमुक गावात गॅस्ट्रोची लागण, इतके जण ग्रामीण रुग्णालयात, शाळेत तात्पुरता दवाखाना, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेकडे. विहिरीत टीसीएल पावडर पडते, चार दिवस टँकर येतो, साथ ओसरते. ‘पाणी पिण्यास अयोग्य’ असा अहवाल हाती येईपर्यंत गाव पेरणीच्या घाईत असतं. विहिरीत घाण नेमकी कुठून आली, हे शोधायला मग कुणाला सवड नसते.

शोध घेतला तरी तो बहुधा विहिरीत डोकावून घेतला जातो. कठडा फुटलाय का, जाळी आहे का, गाळ कधी काढला होता. हे सगळं पाहायलाच हवं. पण विहीर म्हणजे जमिनीतलं पाणी जिथे उघडं पडतं ती जागा. ते पाणी आजूबाजूच्या शिवारात पावसाच्या रूपाने पडलेलं असतं, माती-मुरमातून झिरपत आलेलं असतं. वाटेत उकिरडा असेल, गोठ्याचं मूत साचत असेल, शौचालयाचा खड्डा किंवा तुंबलेली नाली असेल, तर त्यांच्यातून निथळूनच ते विहिरीपर्यंत पोहोचतं. काचेच्या ग्लासात हे पाणी नितळ दिसतं आणि घात तिथेच होतो.

कॅनडातल्या वॉकर्टन या गावाची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. ऑन्टारिओ प्रांतातलं हे शेतीवाडीचं गाव, लोकवस्ती सुमारे 4800. नळाला पाणी कूपनलिकांचं. त्यातली पाच नंबरची विहीर 1978 मध्ये घेतलेली आणि अगदी उथळ. तिला पाणी मिळायचं ते जमिनीखाली साडेपाच ते साडेसात मीटरच्या दरम्यानच्या भेगाळ खडकातून, आणि त्या खडकावर मातीचा थरही जाड नव्हता. लगतच्या शेतात एप्रिल 2000 च्या अखेरीस शेणखत टाकलं गेलं. मे महिन्यात 8 ते 12 तारखेपर्यंत पाऊस लागून राहिला, 12 तारखेला तर जोरदार कोसळला. खतातले जंतू पावसाच्या पाण्याबरोबर भेगांतून विहिरीत उतरले. त्यात ई. कोलाय जंतूचा एक घातक प्रकार होता. हा प्रकार रक्ताचे जुलाब घडवतो आणि लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. गावातले आणि आसपासचे 2300 हून अधिक लोक आजारी पडले, सात जण दगावले.

न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांनी या प्रकरणाची चौकशी केली. दोष अनेकांचे निघाले. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी क्लोरिन कमी टाकत होते आणि नोंदवहीत खोटे आकडे लिहीत होते. क्लोरिन नीट असतं तर बहुतेक अनर्थ टळला असता. पण अहवालातल्या दोन गोष्टींकडे मला जास्त लक्ष वेधावंसं वाटतं. पहिली म्हणजे, त्या शेतकऱ्याची काहीच चूक नव्हती; त्याने खत अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने टाकलं होतं. दुसरी म्हणजे, विहीर खोदली तेव्हाच, 1978 मध्ये, भूजलतज्ज्ञांनी सुचवलं होतं की भोवतालची जमीन गावाने ताब्यात घेऊन संरक्षित पट्टा राखावा. तो सल्ला कागदावरच राहिला. म्हणजे माणूस निर्दोष आणि जमीन मात्र धोक्याची, आणि त्या जमिनीवर काय चालावं याचा नियमच नाही.

हे सगळं आपल्यापासून फार दूरचं वाटेल. तसं ते नाही. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या कातळावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. या कातळाच्या पोटात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. कोकणात आणि गोव्यात जांभा आहे, तोही सच्छिद्र. मातीचा जाड थर असला की तो गाळणीचं काम करतो. जंतू मातीच्या कणांना चिकटतात, हळूहळू मरतात. भेगेत असं काही घडत नाही. तिथे पाणी गाळलं न जाता सरळ वाहतं, एका दिवसात कितीतरी मीटर. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर येते तेव्हा शौचालयाच्या खड्ड्याचा तळ आणि पाणी यांच्यात कधी कधी काहीच अंतर उरत नाही. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून दहा-पंधरा मीटर लांब ठेवा, हा सल्ला मातीच्या जमिनीत बऱ्यापैकी लागू पडतो. भेगाळ कातळावर मात्र तो सुरक्षिततेची हमी देत नाही. शोषखड्ड्यांचंही तसंच. रस्त्यावरचं सांडपाणी आणि डास कमी करायला ते उत्तम, पण पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला खणलेला शोषखड्डा म्हणजे सांडपाण्याला विहिरीची वाट दाखवणं झालं.

किती अंतर पुरे, याचं उत्तर जर्मनीत मीटरऐवजी दिवसांत शोधलं गेलं. जमिनीखाली साधारण पन्नास दिवस काढले की बहुतेक रोगजंतू निष्प्रभ होतात, असा तिथल्या अभ्यासकांचा अनुभव होता. त्यावरून विहिरीभोवती तीन पट्टे ठरले. अगदी जवळच्या पट्ट्यात पाणीपुरवठ्याखेरीज काहीच चालत नाही. दुसरा पट्टा पन्नास दिवसांच्या रेषेपर्यंत, म्हणजे जिथे पडलेला थेंब विहिरीत यायला पन्नास दिवस घेतो तिथपर्यंत. तिथे नवी बांधकामं आणि पातळ शेणखत यांवर बंधनं असतात. तिसरा पट्टा म्हणजे जिथून विहिरीला पाणी येतं ते सगळं क्षेत्र. तिथे कारखाने, रसायनं यांवर नजर ठेवली जाते. वॉकर्टननंतर ऑन्टारिओनेही 2006 मध्ये कायदा करून हीच वाट धरली. सार्वजनिक विहिरीभोवती पहिलं वर्तुळ 100 मीटरचं, पुढची वर्तुळं पाण्याला विहिरीपर्यंत यायला लागणाऱ्या दोन, पाच आणि पंचवीस वर्षांची. नियम ठरवणाऱ्या स्थानिक समित्यांमध्ये शेतकऱ्यांनाही जागा दिली.

पंचवीस वर्षं कशासाठी, असा प्रश्न पडेल. जंतू मरतात, पण नायट्रेट मरत नाही. युरिया, शेणखत, मानवी मैला या सगळ्यांतून नायट्रेट पाण्यात उतरतं. ते टीसीएलने जात नाही आणि पाणी उकळून आटवलं तर उलट अधिकच दाट होतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतल्या आयोवातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी 1945 मध्ये दाखवून दिलं, की शेतातल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पाजलेली तान्ही बाळं निळी पडतात, कारण नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. तान्ह्या बाळाला वरचं दूध पाण्यात कालवून द्यावं लागणाऱ्या घरात म्हणूनच विहिरीचा नायट्रेटचा अहवाल माहीत असायला हवा.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायला महाराष्ट्रात 1993 च्या कायद्यापासून बंदी आहे. पण तो नियम पाणी आटू नये म्हणून. पाणी नासू नये यासाठी तितकी ठळक, सगळ्यांना तोंडपाठ अशी रेषा नाही. म्हणजे चारशे मीटरवर बोअर मारणाऱ्याला नोटीस येऊ शकते आणि चार मीटरवरचा उकिरडा मात्र वर्षानुवर्षं सुखाने नांदतो! पुढच्या 2009 च्या भूजल कायद्यात पाण्याच्या गुणवत्तेचाही विचार आला. आरोग्य खात्याचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, होतं. त्यात स्रोताभोवतीची घाण, गळती, टीसीएलचा साठा पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. पद्धत चांगली आहे. फक्त कार्ड त्या दिवशी दिसलेल्या परिस्थितीचं असतं. पुढच्या वर्षी विहिरीच्या वरच्या अंगाला कुणी पोल्ट्री टाकली तर ती तिथे टाकू नये, हे कार्ड सांगू शकत नाही. ग्रामसभेचा ठराव सांगू शकतो.

असा ठराव करायला फार यंत्रसामग्री लागत नाही. विहिरीचा उतार कुठल्या अंगाला आहे, पाणी कुठून येतं, हे गावातल्या जाणत्या माणसांना ठाऊक असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकाकडून ते तपासून घेता येतं. नकाशावर विहिरीभोवती दोन रेषा आखायच्या. आतल्या रेषेत उकिरडा, गोठा, शौचालयाचा खड्डा, धुणीभांडी, जनावरं धुणं, फवारणीचे पंप विसळणं, काहीही नाही. बाहेरच्या रेषेत, विशेषतः वरच्या अंगाला, नवी शौचालयं पक्क्या तळाच्या टाकीची आणि ती टाकी उपसण्याची सोय आधी ठरवलेली. शेणखताचे ढीग पाऊस सुरू होण्याआधी हलवायचे.

खरी अडचण इथे येते. आतल्या रेषेतली जमीन कुणाची? बहुधा एखाद्या लहान शेतकऱ्याचीच, आणि बऱ्याचदा तिथेच त्याचा एकुलता गोठा असतो. सगळ्या गावाच्या पाण्यासाठी एकट्याने तोटा का सोसायचा, असं तो म्हणाला तर त्याचं बरोबर आहे. त्याला दंडाची भीती घालून ठराव टिकत नाही. रात्रीतून उकिरडा परत येतो. म्यूनिक शहराने 1992 पासून आपल्या पाण्याच्या उगमाजवळच्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीसाठी मोबदला द्यायला सुरुवात केली. आपल्या ग्रामपंचायतीची ऐपत म्यूनिकची नाही, पण पाणीपट्टीतून गोठा हलवायचा खर्च उचलणं किंवा गायरानात उकिरड्याला जागा देणं तिला जमू शकतं. रोजगार हमीतून नाडेप टाकं बांधून मिळतं. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाची आद्याक्षरं मिरवणारं हे टाकं जमिनीवर उभं असतं. त्याच्या तळाला पक्का कोबा केला तर खतही चांगलं होतं आणि निथळही खाली जात नाही.

टीसीएल थांबवायचं नाही, हे सांगायला हवंच. जलसुरक्षकाने रोज पावडर टाकावी, पोतं उघडं ठेवू नये, गावाच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करून पाणी पिवळं होतंय ना हे पाहावं. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन तिथे उरायला हवं. पण गढूळ आणि शेणामुताच्या पाण्यात क्लोरिन घाणीशी झगडण्यातच खर्ची पडतं. वीज नाही, पावडर संपली, जलसुरक्षक लग्नाला गेला, असा एखादा दिवस येतोच, आणि नेमका तो दिवस पहिल्या पावसाचा असला तर त्या दिवशी विहिरीची राखण तिच्या भोवतालच्या जमिनीवरच असते.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेला अजून वेळ असेल तर पुढच्या मोठ्या सरीत छत्री घेऊन विहिरीभोवती एक फेरी मारून या. पाणी कुठून कुठे वाहतंय, कुठे साचतंय आणि कुठे साचता साचता जमिनीत गडप होतंय, एवढं पाहायचं. जिथे गडप होतंय त्या जागेवर खूण करायची, आणि तिच्या वर काय आहे ते लिहून काढायचं.