पशुविज्ञानाचे अध्ययन आणि विस्कॉन्सिनचा एकधान्य-प्रयोग

पशुविज्ञान हे अनेक शास्त्रांच्या संगमावर उभे असलेले शास्त्र होय. रसायन, शरीरक्रियाविज्ञान, आनुवंशिकी आणि सांख्यिकी यांचे पाठ त्याच्या विद्यार्थ्याला घ्यावे लागतात. परंतु या सर्वांचा विषय अखेरीस दावणीला उभे असलेले जनावर हाच असतो. प्रयोगशाळेतील आकडे आणि जनावराची प्रकृती यांत विरोध आढळल्यास निर्णय कोणाचा मानावयाचा, हा या अध्ययनातील मूलभूत प्रश्न आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात 1907 ते 1911 या काळात झालेल्या एका प्रयोगाने त्याचे जे उत्तर दिले, ते आजही अभ्यसनीय आहे.

1848 साली स्थापन झालेले हे राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ. 1862 च्या मोरिल कायद्याने कृषी व यंत्रविद्येच्या उच्च शिक्षणासाठी राज्यांना जमिनीचे अनुदान मिळाले, आणि 1887 च्या हॅच कायद्याने कृषिसंशोधन केंद्रांना केंद्र सरकारचे नियमित साहाय्य सुरू झाले. त्यामुळे अध्यापन, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत ज्ञान पोहोचविणे ही तिन्ही कार्ये एकाच संस्थेकडे आली. रसायनशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा आणि गायींचा गोठा एकाच आवारात असणे हे याच व्यवस्थेचे फळ होते.

त्या काळी पशुखाद्याची प्रत ठरविण्याची मान्य रीत जर्मनीतील वेंडे येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाली होती. तीनुसार खाद्यातील पाणी, राख, प्रथिने, स्निग्धांश, तंतू व उर्वरित कर्बोदके यांचे प्रमाण काढीत. हे प्रमाण जुळले की दोन आहार समान मानावेत, असा समज रूढ होता. स्टीफन बॅबकॉक यांना मात्र तो मान्य नव्हता. 1890 साली दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी कसोटी शोधून काढणारा आणि तिचे एकस्व न घेणारा हा रसायनशास्त्रज्ञ. मोजमापाचे सामर्थ्य त्याला ठाऊक होते, तशी त्याची मर्यादाही ठाऊक होती. रासायनिक दृष्ट्या समान ठरलेले आहार जनावरालाही समानच ठरतात काय, हे प्रत्यक्ष जनावरावर पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तथापि गायी मिळविणे सोपे नव्हते. आधीच्या एका प्रयत्नात गाय दगावल्यामुळे तो थांबवावा लागला होता.

1907 साली कृषिरसायन विभागाचे हार्ट आणि पशुसंवर्धन विभागाचे हंफ्री यांच्या सहकार्याने हा प्रयोग पुन्हा आरंभिला गेला. रासायनिक विश्लेषणाचे काम मॅकॉलम यांच्याकडे आले व तरुण स्टीनबॉकही त्यात सहभागी झाले. 16 कालवडींचे चार गट करण्यात आले. पहिल्या गटाचा सारा आहार मक्याच्या झाडापासून, दुसऱ्याचा गव्हापासून, तिसऱ्याचा ओटपासून आणि चौथ्याचा तिहींच्या मिश्रणातून तयार केला होता. विश्लेषणाच्या कोष्टकात चारही आहार सारखेच दिसत होते.

गोठ्यात मात्र तसे दिसेना. मक्यावरील कालवडी तुकतुकीत व भरदार झाल्या, आणि त्यांची वासरे सशक्त निपजली. गव्हावरील कालवडींची वाढ खुंटली, केस राठ झाले. त्यांची वासरे दिवस भरण्यापूर्वीच जन्मली व मेलेली निघाली अथवा लवकरच दगावली. उरलेले दोन गट या दोहोंच्या मध्ये राहिले. 1911 साली हे निष्कर्ष विद्यापीठाच्या कृषिसंशोधन केंद्राच्या संशोधन-पत्रिकेत प्रसिद्ध झाले.

या प्रयोगाने काय सिद्ध केले आणि काय नाही, हे विद्यार्थ्याने नीट वेगळे करून पाहावे. प्रत्येक गटात केवळ चार जनावरे होती, आणि आहारात दाण्याबरोबर त्याच झाडाची वैरणही होती. म्हणून दोष दाण्याचा की काडाचा, हे त्यावरून सांगता येत नव्हते. रूढ कोष्टकात न दिसणारे काहीतरी आहारात असते, एवढेच निश्चित झाले. ते ‘काहीतरी’ गायींवर शोधावयाचे तर एकेका प्रश्नाला कित्येक वर्षे लागली असती. म्हणून मॅकॉलम यांनी लवकर वाढणारा व अल्प खाणारा उंदीर निवडला. शेतकऱ्याच्या धान्याचा हा शत्रू कृषी महाविद्यालयात पोसावा, या कल्पनेला विरोध झाला. बॅबकॉक यांनी पाठिंबा दिला. मार्गरीट डेव्हिस यांनी आरंभी विनावेतन या कामाचा मोठा भार उचलला. लोणी किंवा अंड्यातील स्निग्धांश दिल्यास उंदरांची खुंटलेली वाढ पुन्हा सुरू होते, डुकराच्या चरबीने वा ऑलिव्हच्या तेलाने होत नाही, असे दोघांनी 1913 साली दाखविले. हेच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले.

या ज्ञानाच्या प्रकाशात गोठ्यातील कोडेही उलगडले. मक्याच्या पानांत व पिवळ्या दाण्यात ज्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनते ते कॅरोटीन होते. गव्हाच्या काडात ते नाममात्र होते, आणि कॅल्शियमही कमी होते.

हे उदाहरण आपल्याकडील अभ्यासकाला दूरचे वाटण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात वाळल्या कडब्यावर व पेंडीवर ठेवलेल्या गायीचे प्रथिनांचे गणित कागदावर जुळविता येते. परंतु फार दिवस साठविलेल्या वैरणीतील कॅरोटीन नष्ट झालेले असते आणि पेंडीतून ते भरून निघत नाही. हिरव्या चाऱ्याची पेंढी म्हणूनच केवळ पोट भरण्याची वस्तू नव्हे.

गायीने प्रश्न उपस्थित केला, उंदराने त्याच्या उत्तराची वाट दाखविली आणि रसायनाने त्या उत्तराला नाव दिले. या तिहींपैकी कोणतेही एक अंग वगळल्यास ही शोधमालिका पूर्ण होत नाही. आहाराचे कोष्टक मांडण्यास शिकणे हा पशुविज्ञानाच्या अध्ययनाचा आवश्यक भाग होय. परंतु ते कोष्टक घेऊन गव्हाणीपाशी जाणे आणि तेथे जे दिसेल त्यानुसार कोष्टकच दुरुस्त करण्याची तयारी ठेवणे, यातच त्या अध्ययनाचे सार आहे.