दोन जाळ्यांची शिवण

गोराईची खाडी ओलांडणारी फेरीबोट मुंबईकरांच्या परिचयाची आहे. माणसे आणि मोटारसायकली घेऊन ती पलीकडे लागते. तिच्याभोवतीचे पाणी मात्र साधे नाही. मधल्या धारेला भरती-ओहोटीची ओढ, तिवरांच्या कडेला संथपणा, आणि त्यातून जाणारी बोट स्वतःच नवा प्रवाह उठवते. हे पाणी कोठे किती वेगाने वाहील, बोटीच्या तळावर किती दाब पडेल, हे संगणकाला विचारायचे झाले तर?

संगणकाला अखंड पाणी समजत नाही. त्यावर कल्पनेची जाळी पसरावी लागते आणि तिच्या प्रत्येक घरातला वेग व दाब नेव्हिए-स्टोक्स समीकरणांनी काढावा लागतो. स्थिर खांबाभोवती अशी जाळी विणणे कष्टाचे खरे, पण जमते. बोट हलली की पंचाईत. एका बाजूची घरे ताणली जातात, दुसरीकडची चेपतात आणि हिशेब बिघडतो. दर क्षणी नवी जाळी विणायची, तर ते काम हिशेबाहून जड!

यावरचा तोडगा असा, की एकाच जाळीचा हट्टच सोडायचा. खाडीला एक स्थिर जाळी. बोटीला दुसरी, अंगरख्यासारखी बेताने शिवलेली आणि तिच्याबरोबरच सरकणारी. दोघी एकमेकींवर खुशाल चढू द्यायच्या. खाडीच्या जाळीतली जी घरे बोटीच्या पोटात येतील ती वगळायची, म्हणजे जाळीला भोक पाडायचे. त्या भोकाच्या कडेचे बिंदू आपले आकडे बोटीच्या जाळीकडून उसने घेतात. बोटीच्या जाळीची बाहेरची कड ते खाडीच्या जाळीकडून घेते. बोट सरकली की भोकही सरकते आणि उसनवारी नव्याने सुरू होते.

खरी गोम या उसनवारीत आहे. एकीकडची घरे बारीक आणि दुसरीकडची ढोबळ असली, तर भोवरा शिवणीपाशी येऊन पुसट होतो. साध्या उसनवारीत एका जाळीतून निघालेले पाणी दुसरीत तेवढेच पोचेल याचीही हमी नसते. ज्या बिंदूला आकडा देणारा शेजारीच सापडत नाही, त्याला या क्षेत्रातले लोक ‘अनाथ’ म्हणतात. संगणक मात्र रंगीत चित्र तितक्याच ऐटीत काढून देतो!

ही युक्ती नावारूपाला आली ती विमानांच्या निमित्ताने. १९८३ साली स्टीगर, डॉहर्टी आणि बेनेक या अमेरिकी संशोधकांनी ती मांडली आणि तिला सिंह, बकरी व साप यांच्या जोडकामातून झालेल्या ग्रीक राक्षसीचे, ‘कायमेरा’चे, नाव दिले. अंतराळयान, त्याची नारिंगी टाकी आणि दोन अग्निबाण अशा अवघड जोडणीभोवतीची हवा ‘नासा’ने पुढे याच मार्गाने मोजली.

या विद्येत काम करणाऱ्यांत कल्पना चावला होत्या. १९८८ पासून नासाच्या एम्स केंद्रात त्या हॅरियरसारख्या विमानांखालच्या प्रवाहाचा अभ्यास करीत. १९९३ मध्ये त्या कॅलिफोर्नियातील ‘ओव्हरसेट मेथड्स’ या कंपनीत उपाध्यक्ष झाल्या. कंपनीच्या नावातच एकमेकींवर चढणाऱ्या जाळ्या आहेत, आणि त्यांचा विषय होता एकमेकांच्या संदर्भात हलणाऱ्या अनेक वस्तूंभोवतीचा प्रवाह. अंतराळवीर म्हणून त्यांची निवड त्यानंतर, डिसेंबर १९९४ मध्ये झाली.

१६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ उडाले. सुमारे ८२ सेकंदांनी टाकीवरचा पाऊण किलोचा फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अजून आकाशात असताना नुकसानीचा अंदाज ज्या सूत्रांनी काढला, ती याहून शेकडो पट लहान तुकड्यांच्या चाचण्यांवर बेतलेली होती. १ फेब्रुवारीला कल्पना चावलांसह सातही जण गेले.

हलका फेस पंख कसा फोडेल, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. चौकशीत यानाभोवतीच्या हवेचा हिशेब मांडला गेला, तो एकमेकींवर चढलेल्या जाळ्यांनीच. ध्वनीच्या सुमारे अडीचपट वेगाने चाललेल्या यानापासून सुटताच तुकड्याला हवेने रोखले, आणि मागून येणारा पंख त्याच्यावर ताशी अंदाजे ८५० किलोमीटरने धडकला. जुलै २००३ मध्ये टेक्सासात तेवढाच फेस त्याच वेगाने पंखाच्या कडेवर मारून पाहिला. हातभर रुंदीचे भगदाड पडले.

२००५ च्या ‘डिस्कव्हरी’ उड्डाणातही टाकीवरच्या एका फेसाच्या उंचवट्याचा मोठा तुकडा निखळला. सुदैवाने तो यानाला लागला नाही. तो उंचवटाच काढून टाकायचे ठरले, तेव्हा त्याच्याविना हवेचा मारा उघड्या नळ्या नि तारा सोसतील का, हे आधी तपासावे लागले. ४ जुलै २००६ रोजी ‘डिस्कव्हरी’ त्या उंचवट्याविना उडाले.