माकडतापाचा माग : क्यासनूर ते दोडामार्ग

१९५७ च्या उन्हाळ्यात म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात वानरं आणि माकडं मरून पडू लागली. त्याच सुमारास रानात जाणारी माणसंही तापाने फणफणली. पहिला संशय पीतज्वराचा आला. त्या धास्तीने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तिथे धावले. केंद्र सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. सापडलेला विषाणू मात्र निराळाच निघाला. तो डासांतून नव्हे, गोचिडींतून पसरणारा होता आणि रशियातल्या रानांतल्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद होता.

हळूहळू साखळी उलगडली. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी गुरांचं रक्त पिऊन जमिनीवर अंडी घालतात. पावसानंतर त्यांतून पिल्लं निघतात आणि उंदीर, चिचुंद्र्या, माकडं यांच्या रक्तावर वाढतात. जानेवारी ते मे या काळात पाचोळ्यात खसखशीएवढ्या अर्धवाढ गोचिडींची गर्दी होते, आणि माणसाला चावतात त्या प्रामुख्याने याच. एका माणसाकडून दुसऱ्याला हा ताप होत नाही. लागण झालेल्या शंभरांतले सहसा तीन ते पाच जण दगावतात.

कोकणातल्या माणसाला या महिन्यांचा अर्थ लगेच कळेल. सरपण तोडायचं, भाजवळीसाठी पातेरा गोळा करायचा, काजूच्या बिया वेचायच्या, ते सगळं याच दिवसांत. गोचिडीचा हंगाम आणि रानातल्या कामाचा हंगाम एकच. जंगल तोडून गुरं आत शिरली की रानाच्या कडेला गोचिडी माजतात, हे बोशेल या शास्त्रज्ञाने १९६९ मध्येच मांडलं होतं. त्याचा दाखला १९८३ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी भागात मिळाला. तिथे काजू लागवडीसाठी जंगल साफ केलं जात होतं. त्या वर्षी दीड हजारावर माणसं आजारी पडली आणि सुमारे दीडशे गेली.

तरीही पन्नासेक वर्षं हा आजार कर्नाटकाचा म्हणूनच ओळखला गेला. २०१२ च्या अखेरीस बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणारे वनखात्याचे कर्मचारी आजारी पडले. पुढे वायनाडमधल्या आदिवासी वस्त्यांत ताप पसरला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाळी गावच्या काजू बागांत तो दिसला. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि त्याच्या पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा परिसरात साथ आली. सह्याद्रीला राज्यांच्या हद्दी नसतात, पण आरोग्य खात्यांना असतात. त्यामुळे प्रत्येक नव्या जिल्ह्याला हा ताप नव्याने ओळखावा लागला.

प्रतिबंधाची गोष्ट त्याहून रखडलेली. सुरुवातीला रशियन मेंदूज्वराची लस वापरून पाहिली, ती चालली नाही. नंतर कोंबडीच्या भ्रूणपेशींवर तयार केलेली लस आली. महिन्याच्या अंतराने दोन डोस, काही महिन्यांनी तिसरा, मग दरवर्षी एकेक. रोजंदारीवर काजू वेचणाऱ्या बाईने इतक्या खेपा घालायच्या, आणि संरक्षण मिळणार ते अपुरं! अखेर २०२२ मध्ये ती लस थांबवावी लागली. नव्या लसीचं काम सुरू झालं.

तोवर हाताशी उरतं ते एवढंच : रानात जाण्याआधी हातापायांना गोचिडींना दूर ठेवणारं डीएमपी किंवा डेपा तेल, अंगभर कपडे, परतल्यावर कढत पाण्याने आंघोळ आणि कपडेही गरम पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवायचं, म्हणजे भोवतालच्या जागेवर गोचीडनाशक भुकटी मारता येते. आजवरच्या साथी पाहिल्या तर माकडाचा मृत्यू हाच सगळ्यात आधीचा इशारा ठरला आहे, आणि तो सहसा पहिल्यांदा दिसतो तो गुराख्याला, वनमजुराला, काजू वेचणाऱ्या बाईला. त्यांनी दिलेली खबर त्याच दिवशी तालुक्याला पोचली आणि तेल डिसेंबर संपण्याआधी घरोघरी गेलं, तर पुढची साथ गावाच्या वेशीवरच अडवता येईल.