आतड्याच्या भिंतीपलीकडे

लहान आतडे सुमारे 6 मीटर लांब असते, पण त्याच्या आतल्या अस्तराची जाडी पेशींच्या अवघ्या एका थराएवढी असते. पचलेले अन्न या थरातून रक्तात उतरते आणि जंतू व विषारी द्रव्ये अलीकडेच थोपवली जातात. शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा मोठा साठा याच भिंतीलगत असतो. त्यामुळे आतड्यातला बिघाड पोटापुरता राहत नाही.

माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू राहतात. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात आणि सगळ्यांचे मिळून वजन जेमतेम 200 ग्रॅम भरते. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांचे तंतू माणसाला पचत नाहीत. जीवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराला लागणारी बरीचशी ऊर्जा या ब्युटिरेटमधूनच मिळते. उंदरांच्या आहारातील चोथा काढून टाकला, तेव्हा काही जीवाणू अस्तरावरचा संरक्षक श्लेष्माच खाऊ लागले आणि रोगजंतूंना वाट मोकळी झाली.

या जीवाणूंच्या अभ्यासात पुण्याचे काम मोलाचे आहे. गणेशखिंडीतील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी एकाच घरात राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या आतड्यांतील जीवाणूंची तुलना केली. घर एक असूनही वयानुसार जीवाणूंच्या प्रमुख गटांचे प्रमाण बदललेले दिसले. अभ्यास लहान होता, पण एकत्र कुटुंबाचा असा उपयोग करण्याची कल्पना फार चांगली होती. 2014 मध्ये याच केंद्रातील आणि आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी माणसाच्या विष्ठेतून वेगळ्या केलेल्या एका नव्या जीवाणूला ‘मेगास्फेरा इंडिका’ असे नाव दिले. धान्य आणि डाळींवर पोसलेल्या भारतीय आतड्यांत प्रिव्होटेला हा जीवाणूही विपुल आढळतो. पाश्चात्त्य अभ्यासांतून काढलेले ‘निरोगी आतड्या’चे निकष म्हणूनच इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आतडे आणि मेंदू यांचेही नाते आहे. आतड्याच्या भिंतीत स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि व्हेगस नावाची नस ते मेंदूशी जोडते. शरीरातील सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते, हे खरे. पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्यामुळे अमुक खाल्ले की नैराश्य जाते, असे दावे आज तरी पुराव्याच्या पुढे धावणारे आहेत.

आतड्यातला संसर्ग कुठवर पोहोचू शकतो, हे पुणेकरांनी जानेवारी 2025 मध्ये पाहिले. सिंहगड रस्त्यालगतच्या किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागोमाग एक सापडू लागले. पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या 200 च्या वर गेली आणि काहींचा मृत्यू झाला. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला. दूषित पाणी आणि अर्धकच्चे चिकन ही त्याची नेहमीची वाट. त्याच्या आवरणावरील काही रेणू मज्जातंतूंवरील रेणूंसारखे असतात. त्यामुळे जीवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे कधीकधी शरीराच्या स्वतःच्या नसांवरच हल्ला करतात. जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या येतात, मग अशक्तपणा वर चढत जातो, आणि श्वसनाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लावावा लागतो. या जीवाणूच्या अंदाजे 1,000 संसर्गांमागे एखाद्यालाच असे होते. पण एकाच वस्तीत पाणी बिघडले, तर ती ‘एखाद्या’ची संख्याही मोठी होते. अशा वेळी नळातल्या पाण्यात पुरेसे क्लोरीन आहे की नाही, हा मज्जातंतूंच्या आरोग्याचाही प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेनेच द्यायचे असते.

आतड्यातले जीवाणू सगळेच पुरवत नाहीत. ब 12 जीवनसत्त्व तेही बनवतात, पण मोठ्या आतड्यात. ते शोषले जाते त्याआधी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेल्या अभ्यासात 60 टक्क्यांहून अधिक गरोदर स्त्रियांत ब 12 कमी आढळले. शाकाहारी घरांनी ते तपासून घेतलेले बरे.

प्रौढाने दिवसाला निदान 25 ग्रॅम तंतू खावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी आणि सालासकट फळे यांतून ते सहज मिळतात. मैद्याचा पाव, खारी, बिस्किटे यांतून मिळत नाहीत. प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर उपयोगी जीवाणूही मारतात आणि काही जाती महिनोन्‌महिने परतत नाहीत, म्हणून साध्या सर्दीला ती मागून घेऊ नयेत. पाण्याची शंका असेल तेव्हा ते उकळून प्यावे. आणि जुलाबानंतर काही दिवसांनी हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी जाणवली, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.