दूरध्वनीवरील देखरेख : काही गैरसमज

मध्य प्रदेशातील कोरोनाचे पहिले चार रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपुरात आढळले, तेव्हा व्याधी कितीही सौम्य असली तरी रुग्णाची रवानगी इस्पितळात करावी असाच दंडक होता. परंतु २७ एप्रिल रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अतिसौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरीच विलग राहण्याची मुभा दिली आणि पुढे जिल्हावार नियंत्रण कक्षांतून त्यांची दूरध्वनीवर विचारपूस होऊ लागली. त्या काळी या देखरेखीविषयी रुजलेले काही ग्रह डेंग्यूच्या ऋतूत अद्यापि डोके वर काढतात.

‘नाडी न पाहता फोनवर काय कळणार?’ हा त्यांपैकी पहिला. वस्तुतः एकच प्रश्न रोज त्याच वेळी विचारून उत्तरांची नोंद ठेवण्यात जे कळते, ते एका भेटीत क्वचितच कळते. कोरोनात दम न लागताही रक्तातील प्राणवायू खालावू शकतो. म्हणून जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ज्याचे तत्त्व सिद्ध केले, ते बोटावरचे ऑक्सिमीटर घरोघरी आले. मात्र गार बोटे, नखांवरचा रंग किंवा हाताची हालचाल यांनी त्याचा आकडा फसवा ठरतो, आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ते प्राणवायू वास्तवाहून अधिक दाखवू शकते, असे २०२० च्या अखेरीस अमेरिकेतील अभ्यासात दिसून आले. यास्तव सुट्या आकड्यापेक्षा ‘काल किती होता?’ हा प्रश्न मोलाचा; ९८ वरून ९५ वर आलेला मनुष्य नित्य ९५ असणाऱ्यापेक्षा अधिक चिंतेचा विषय होय.

शिवाय आवाज हीही तपासणीच आहे. रुग्ण एका दमात वाक्य पुरे करतो की मध्येच थांबतो, हे जाणकार कानाला तत्काळ उमगते. आणि म्हणूनच घरच्या कर्त्या पुरुषाने परस्पर ‘सब ठीक है’ सांगून फोन ठेवणे, ही माझ्या मते या व्यवस्थेची सर्वांत मोठी हानी.

‘ताप उतरला, आता फोन कशाला?’ हा ग्रह तर घातकच. डेंग्यूत नेमका ताप उतरतानाच रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रुग्ण खचण्याचा संभव असतो. कोरोनातही प्रकृती बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या प्रारंभी ढासळत असे.

फोनवर हवे ते औषध लिहून मिळते, हीही समजूत निराधार. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक नियमावलीनुसार प्रथमच बोलणाऱ्या रुग्णास केवळ ध्वनिसंभाषणावर चिठ्ठीविना मिळणारी साधी औषधेच सुचविता येतात. डेक्सामेथासोनचा लाभ प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना झाला, इतरांना नाही, हे २०२० मध्येच ब्रिटनमधील चाचणीत दिसले असताना २०२१ च्या लाटेत स्टिरॉइडे सौम्य रुग्णांनीही घेतली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडांचा गैरवापर यांच्या संगतीने काळ्या बुरशीने केलेला उत्पात सर्वश्रुत आहे.

वृद्ध, गर्भवती व मधुमेही यांना घरी ठेवावे की नाही, हे आधी वैद्यांनी ठरवावे. प्राणवायू ९४ खाली गेला, छातीत दाब किंवा बोलण्यात असंबद्धता आली, अथवा डेंग्यूत पोटदुखी, वारंवार उलटी वा रक्तस्राव दिसला, तर कक्षाच्या फोनची वाट पाहत न बसता थेट १०८ ला पाचारण करावे.