औंढ्याची दिशा

औंढा नागनाथच्या देवळात पहिल्यांदा जाणाऱ्याला नंदी शोधावा लागतो. तो समोर नाही, देवळाच्या मागे आहे. कारण गावात कुणीही सांगेल: संत नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नामदेवांचं नर्सी याच हिंगोली जिल्ह्यातलं, आणि विसोबा खेचर त्यांना गुरू म्हणून भेटले तेही याच देवळात, अशी परंपरा.

दिशेची अशी कथा सांगणाऱ्या या गावाजवळ, दुधाळ्याच्या शिवारात, सुमारे १७४ एकर जागेवर लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. तिचं मुख्य काम दिशा सांगण्याचंच. आकाशातून एखादी हाक आली, तर ती नेमकी कुठून आली?

हा प्रश्न किती अवघड आहे, ते न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण शोधणाऱ्यांना विचारावं. न्यूट्रिनोला विद्युतभार नाही, त्यामुळे वाटेतली चुंबकीय क्षेत्रं त्याला वळवू शकत नाहीत; तो निघाला तसा सरळ येतो. पण तो जवळजवळ कशालाच अडत नाही, म्हणून सापडतही नाही. दक्षिण ध्रुवावर आइसक्यूब या प्रयोगात एक घन किलोमीटर बर्फात ५,१६० संवेदक पुरले आहेत. बर्फातल्या एखाद्या अणूवर न्यूट्रिनो आदळला, तर निळसर प्रकाशाची रेघ उमटते आणि ती रेघच त्याची वाट दाखवते. २२ सप्टेंबर २०१७ रोजी आलेल्या अशाच एका न्यूट्रिनोचा माग काढत खगोलशास्त्रज्ञ टीएक्सएस ०५०६+०५६ या झगझगीत दीर्घिकेपर्यंत पोहोचले. तिच्या केंद्रातल्या कृष्णविवरातून निघालेला झोत थेट पृथ्वीच्या रोखाने येतो. २०२२ मध्ये एनजीसी १०६८ या दुसऱ्या दीर्घिकेकडून आलेल्या सुमारे ८० न्यूट्रिनोंचा पुरावा जाहीर झाला.

लायगोची हाक वेगळी. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गरगरत एक झाली, की अवकाशच ताणलं-आक्रसलं जातं. ही गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून जाताना टिपायची, तर काटकोनातल्या दोन भुजा लागतात, प्रत्येक ४ किलोमीटर लांब. लेसरचा झोत दुभंगून दोन्ही भुजांत धावतो, टोकांच्या आरशांवरून परततो आणि पुन्हा एकत्र येतो. एक भुजा दुसरीपेक्षा प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी लांबली, तरी परतलेल्या प्रकाशात फरक दिसतो.

आरसा पाहण्यासारखा आहे. ४० किलो वजनाची, पारदर्शक सिलिकाची जाडजूड चकती. काचेच्या चार बारीक तंतूंवर टांगलेली. तंतू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. वर लंबकाखाली लंबक अशी चार पायऱ्यांची टांगणी, म्हणजे जमिनीचा हादरा प्रत्येक पायरीला मंदावत जातो. तरीही काहीतरी घुसतंच. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या वेधशाळेत नोंदींमध्ये गूढ खडखड दिसू लागली. शोधल्यावर कळलं, की बाहेरच्या थंड नळीवर साचलेल्या बर्फाला डोमकावळे तहानेपोटी चोच मारत होते.

म्हणूनच समुद्र, रेल्वे, महामार्ग आणि कारखाने यांच्यापासून लांब, सपाट आणि शांत जमीन हवी होती. सोयाबीन-हळदीच्या या पट्ट्यात ती सापडली. पूर्ण शांतता मात्र इथेही नाही: वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीखालून गूढ आवाज येतात, आणि २०२४ च्या मार्च व जुलैमध्ये जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले.

या यंत्रामागची मराठी बाजू पुण्यातून येते. तिथल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासोबत १९९१ मध्येच मांडलं, की गोंगाटात बुडालेला संकेत कसा वेचायचा: अपेक्षित लहरीचे नमुने आधी तयार करून नोंदींशी जुळवत जायचं. आता आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा मिळून हिंगोलीचं काम पाहतात. यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेतून येणार आहेत. केंद्राने तत्त्वतः मंजुरी १७ फेब्रुवारी २०१६ रोजी दिली. पहिली गुरुत्वीय लहर सापडल्याची घोषणा होऊन तेव्हा सहाच दिवस झाले होते. अंतिम मंजुरीला मात्र एप्रिल २०२३ उजाडला. खर्च २,६०० कोटी रुपये; लक्ष्य २०३०.

आणखी एक वेधशाळा कशाला? एकट्या यंत्राला हाक ऐकू येते, दिशा कळत नाही. दिशा कळते ती दोन ठिकाणी पोहोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांत अंतर ३,००० किलोमीटर, म्हणजे लहरीला जास्तीत जास्त १० मिलिसेकंद. सप्टेंबर २०१५ मधली पहिली लहर या दोघांनी ऐकली, पण जागा सुमारे ६०० चौरस अंशांत पसरली: तीन हजार पौर्णिमेच्या चंद्रांइतकं आकाश. हिंगोली जगाच्या दुसऱ्या अंगाला; तिथे हा फरक तिपटीहून जास्त होतो.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली. इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेला ती जेमतेम जाणवली, आणि त्या जवळजवळ नसण्यानेच सांगितलं, की स्रोत व्हर्गोच्या आंधळ्या कोनात आहे. शोधाचं क्षेत्र सुमारे ३० चौरस अंशांवर आलं. १.७ सेकंदांनी गॅमा किरण, सुमारे ११ तासांनी चिलीतल्या दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ दीर्घिकेत नवा ठिपका. नंतर नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही त्याचे रेडिओ संकेत टिपले. आइसक्यूबने त्या जागेतून आलेले न्यूट्रिनो शोधले. एकही मिळाला नाही. एकाच घटनेतून लहर आणि उच्च ऊर्जेचा न्यूट्रिनो, अशी खात्रीची जोडी अजून कुणाच्या हाती लागलेली नाही.

ती लहर पृथ्वीवर पोहोचली तेव्हा भारतात संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं झाली होती. हिंगोलीत सूर्य मावळायचा होता, आणि उजेडात न दिसणारी ती दीर्घिका औंढ्याच्या नैऋत्येला, क्षितिजापासून बरीच वर होती, वासुकी नावाच्या नागाच्या तारकासमूहात.